म्हाताऱ्या कुत्र्याची फिट आणि गोळ्यांचे पहिले आठवडे

कुत्र्याला पहिली फिट कोणत्या वयात आली, यावर पुढचं बरंच काही ठरतं. सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली आणि तपासण्यांत काही सापडलं नाही, तर ती बहुधा उपजत अपस्माराची असते. सात-आठ वर्षांनंतर पहिल्यांदाच आली, तर कारण शोधावंच लागतं. मेंदूतली गाठ, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार, रक्तातली साखर एकदम उतरणं, यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून आधी रक्त-लघवीची तपासणी आणि रक्तदाब. एमआरआयसाठी भूल द्यावी लागते, त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तो निर्णय डॉक्टरांशी नीट बोलूनच घ्यावा.

कुत्रा पडला म्हणजे फिटच आली असं नाही. हृदयाच्या आजाराने घेरी आली तर तो बहुतेक वेळा अंग सैल सोडून कोसळतो आणि थोड्याच वेळात उठून चालू लागतो. कानाच्या आतला तोल बिघडला तर मान एका बाजूला कलते, बुबुळं सारखी हलत राहतात, पण तो शुद्धीवर असतो. हा फरक शब्दांत सांगणं अवघड, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

फिट चालू असताना आधी घड्याळ बघा. तोंडात हात किंवा चमचा घालू नका, कुत्रा जीभ गिळत नाही. कांदा, चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. आजूबाजूचं सामान बाजूला करा, पंखा लावा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा एका दिवसात दोन-तीनदा आली, तर लगेच दवाखाना गाठा. फिट ओसरल्यावर काही वेळ त्याला दिसत नाही, तो भिंतीला धडकतो, घरच्यांनाही ओळखत नाही. अशा वेळी प्रेमाने कवटाळायला गेलात तर तो घाबरून चावू शकतो.

औषधांत पहिली निवड बहुधा फेनोबार्बिटल. माणसांच्या अपस्मारावर ते १९१२पासून वापरात आहे. आपल्याकडे केमिस्ट ‘गार्डिनल’ म्हणून देतात. गोळी दर बारा तासांनी. रक्तात औषधाची पातळी स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात आणि घरच्यांची खरी कसोटी याच काळात लागते. कुत्रा दिवसभर झोपतो. गुळगुळीत फरशीवर वळताना मागचे पाय एकमेकांत अडकतात, पार्श्वभाग एका बाजूला झुकतो. पाण्याचं भांडं बघता बघता रिकामं होतं, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागतं, शिस्तीचा कुत्रा कचऱ्याचा डबा उलथतो. ‘फिट परवडली, पण हे औषध नको,’ असं घरात कोणीतरी म्हणतंच.

ही गुंगी आणि पायांतला लटपटेपणा बहुतेक कुत्र्यांत दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. तोवर त्याच्या वाटेवर गोणपाट किंवा रबरी मॅट अंथरा, जिना बंद ठेवा. तहान आणि भूक मात्र पुढेही टिकू शकते. पाणी कधीही तोडू नका, बाहेरच्या फेऱ्या वाढवा. खाणं मोजूनच द्या. पोळी कमी करून उकडलेला दुधी किंवा फरसबी घातली तर पोट भरल्यासारखं वाटतं. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला वाढलेलं वजन फार त्रास देतं.

हे औषध यकृतात मोडतं आणि काही आठवड्यांत यकृत ते अधिक वेगाने मोडू लागतं. म्हणून डोस तोच असूनही रक्तातली पातळी घसरू शकते. सुरुवातीला दोन आठवड्यांनी, मग सहा आठवड्यांच्या सुमारास आणि पुढे दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात. पातळी मिलिलिटरला १५ ते ३५ मायक्रोग्रॅम असावी. त्यावर गेली की यकृताला धोका वाढतो. रिपोर्टमध्ये ‘एएलपी’ हे एन्झाइम एकटंच वाढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका, या औषधाने ते अनेकदा वाढतंच.

यकृत आधीच दुबळं असेल तर डॉक्टर लेव्हेटिरॅसिटामचा विचार करतात, पण ते सहसा दर आठ तासांनी द्यावं लागतं. पोटॅशियम ब्रोमाइड हे आणखी एक औषध. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि त्याची पातळी आहारातल्या मिठावर अवलंबून असते. मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीतून निघून जातं आणि फिट परत येऊ शकते. अशा कुत्र्याला पापड, फरसाण देऊ नका, किनाऱ्यावर समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका. सांधेदुखीसाठी माणसांची वेदनाशामकं कुत्र्याला मुळीच देऊ नयेत.

फिट पूर्णपणे थांबेलच असं नाही. ती कमी वेळा येऊ लागली, सौम्य झाली आणि कुत्रा सुखाने जगू लागला तरी उपचार लागू पडले असं मी मानतो. प्रत्येक फिटची तारीख, वेळ आणि मिनिटं वहीत लिहा. डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या, उलट्या थांबेनात, खादाड झालेल्या कुत्र्याने खाणंच सोडलं, किंवा ओसरलेली गुंगी पुन्हा वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पण गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवावर बेतणारी फिट येऊ शकते. घरात निदान दहा दिवस पुरतील इतक्या गोळ्या कायम शिल्लक ठेवा.