भिवंडीच्या मोहल्ला समित्या

दंगल शमली म्हणजे शांतता नांदूं लागली, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. संचारबंदीनें रस्ते ओस पडतात. मनांतील भीति मात्र तशीच राहते. ती घालविण्याचें काम बंदुकीला साधत नाहीं, तें नित्याच्या लोकसेवेलाच साधतें. ठाणें व कल्याण ह्यांच्या शेजारीं वसलेल्या भिवंडीचा इतिहास ह्या दृष्टीनें मननीय आहे.

भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. हिंदु व मुसलमान येथें एकाच धंद्यावर पोट भरतात. तरीहि १९७० च्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं येथें भीषण दंगल उसळली आणि तिचें लोण जळगांव व महाड येथपर्यंत पोहोंचलें. न्यायमूर्ति मादन ह्यांच्या आयोगानें चौकशीअंतीं पोलिसांच्या पक्षपातावरहि ठपका ठेवला. पुढें १९८४ सालीं शहर पुन्हां पेटलें. ज्यांनीं रक्षण करावयाचें त्यांच्यावरच विश्वास उरला नाहीं, म्हणजे जो तो आपल्या जमातीच्या आश्रयाला धांवतो. आणि तेथेंच पुढील दंगलीचें बीज पडतें.

१९८८ सालीं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या श्री. सुरेश खोपडे ह्यांनीं ह्या अविश्वासावरच उपाय योजिला. मोहल्ल्यामोहल्ल्यांत त्यांनीं समित्या स्थापिल्या. त्यांत दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी व त्या भागाचा पोलीस एकत्र बसत. दंगल नसतांना भेटावयाचें, हें ह्या योजनेचें मर्म. शेजाऱ्यांचे तंटे, गल्लींतील तक्रारी अशा किरकोळ बाबींतूनच ओळख वाढते. मग एखादी अफवा उठली, तर खरें काय तें कोणाला विचारावें हें माणसाला ठाऊक असतें; आणि विचारण्याची सोय असली म्हणजे दगड उचलण्याची घाई होत नाहीं.

ह्या योजनेची कसोटी लवकरच लागली. ६ डिसेंबर १९९२ रोजीं बाबरी मशीद पाडण्यांत आली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईंत सुमारें ९०० माणसें प्राणास मुकलीं. परंतु दोनदां होरपळलेली भिवंडी त्या वेळीं शांत राहिली. पुढें मुंबईनेंहि मोहल्ला समित्यांचा मार्ग अनुसरला.

तथापि एकदां मिळविलेला विश्वास कायमचा पुरत नाहीं. २००६ सालीं ह्याच भिवंडींत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून दंगा झाला व त्यांत दोन पोलिसांचे बळी गेले. अधिकारी बदलतात, बैठका विरळ होतात, आणि ओळखीचा पोलीस पुन्हां परका होतो. म्हणून अशा समित्यांचें काम एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याच्या उत्साहावर सोंपवून चालत नाहीं. रस्ते झाडणें व दिवे लावणें हीं कामें जशीं रोज करावीं लागतात, तशीच शेजाऱ्यांना एकत्र बसविण्याची ही सेवाहि अखंड चालली पाहिजे. आणि शांततेच्या दिवसांतच तिची हेळसांड होण्याचा धोका अधिक असतो, हें नागरिकांनीं विसरूं नये.