शब्दाला वजन कुठून येतं?

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, तत्त्वज्ञान ऑफिसात काय कामाचं? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज विषय घेतला आहे प्रभाव. जबाबदारीच्या जागेवर बसलेल्या माणसाचा इतरांवरचा प्रभाव कसा वाढतो, ते बघू.

सुरुवात एका शब्दापासून करू. 'अधिकार'. तहसीलदार हा अधिकारी. पण एखाद्या गायिकेबद्दलही आपण म्हणतो, 'ठुमरीवर बाईंचा अधिकार आहे.' पहिला अधिकार नेमणुकीच्या पत्राबरोबर येतो आणि निवृत्तीच्या दिवशी जातो. दुसरा कुणाच्या सहीने मिळत नाही. आणि वेदान्तात गंमत बघा, तिथे 'अधिकारी' म्हणजे शिकण्याची पात्रता अंगी असलेला. म्हणजे ऐकणारा! सांगणारा नाहीच. हा तिसरा अर्थ आपल्याला पुढे लागणार आहे.

आता आमचीच फजिती सांगतो. आम्ही विभागप्रमुख झालो, त्या वर्षी पहिली नोटीस काढली : अंतर्गत परीक्षेचे गुण सोमवारपर्यंत जमा करावेत. सोमवारी एकही यादी आली नाही. दुसऱ्या नोटिशीत 'कारवाई' हा शब्द घातला. तेव्हा दोन याद्या आल्या, त्याही चुकांनी भरलेल्या. आम्हाला वाटलं, लोक आम्हाला जुमानत नाहीत. (आम्ही तेव्हा वर्गात कान्ट शिकवत होतो आणि ऑफिसात नोटिसा काढत होतो. असो.) शेवटी विभागातल्या सगळ्यांत तरुण प्राध्यापिका म्हणाल्या, "सर, उशीर का होतो ते तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

विचारलं. उत्तर साधं होतं. उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलांची नावं ऑफिसच्या यादीत फार उशिरा चढत होती, त्यामुळे हजेरीचे क्रमांक जुळत नव्हते. हेडक्लार्कना बोलावलं, रजिस्टर टेबलावर ठेवलं, सगळे भोवती बसलो. अंतिम यादी कधी तयार होते हे त्यांनी सांगितलं, तपासायला किती दिवस लागतात हे शिक्षकांनी सांगितलं, आणि तारीख ठरली. ती आमची तारीख नव्हती. पण ती पाळली गेली.

हे आम्ही अडखळत शिकलो, पण मेरी पार्कर फॉलेट नावाच्या बाईंनी ते फार आधी नीट मांडून ठेवलं होतं. जन्म 1868 चा, अमेरिकेतला. मूळ अभ्यास राज्यशास्त्राचा. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात वस्तीतल्या लोकांसाठी केंद्रं उभी करण्यात त्यांनी कित्येक वर्षं घालवली. 1925 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी व्यवस्थापकांपुढे व्याख्यानं दिली. हुकूम कसा द्यावा हा त्यातला एक विषय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : एका माणसाने दुसऱ्याला हुकूम देऊच नये, दोघांनी मिळून परिस्थितीचा अभ्यास करावा आणि हुकूम परिस्थितीकडून घ्यावा. याला त्या परिस्थितीचा नियम म्हणत. हुकूम माणसाचा असला की पाळणाऱ्याला कमीपणा वाटतो, मग तो टाळतो, लांबवतो. आमची नोटीस आठवा.

त्यांचं एक उदाहरण आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयातली छोटी खोली. कुणाला तरी खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. ही तडजोड आहे का? नाही. अर्धी खिडकी उघडली असती तर ती तडजोड, आणि दोघंही कुरकुरले असते. इथे एकाला हवा मिळाली, आणि बाईंना नको होता तो उत्तरेचा थेट वारा लागला नाही. 'खिडकी उघडी की बंद' या भांडणामागे दोघांना नेमकं काय हवं होतं ते कळलं, म्हणून दुसरी खिडकी सुचली. दुसऱ्या'वर' चालणारी सत्ता आणि दुसऱ्या'बरोबर' उभी राहणारी सत्ता असा भेद त्या करत, तो इथे दिसतो.

आणि प्रभाव एकाच दिशेने जात नाही, हा त्यांचा आग्रह आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. आम्ही हेडक्लार्कचं ऐकलं, त्या ऐकण्याने आम्ही थोडे बदललो, आणि त्यानंतर आमच्या शब्दाला वजन आलं. क्रम असा होता. वेदान्तातला तो ऐकणारा अधिकारी इथे भेटतो.

पण एक धोका आहे, तो झाकून ठेवणं बरं नाही. 'मी काय करू, परिस्थितीच तशी आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे. पगारवाढ रोखताना, माणसं कमी करताना. तिथे परिस्थितीचं नाव आणि हुकूम साहेबांचाच. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? आम्ही एकच गोष्ट बघतो : रजिस्टर टेबलावर आहे का? जे आकडे साहेबांना दिसतात ते समोरच्याला दिसतात का, आणि ते बघून त्याने 'हे जमत नाही' म्हटलं, तर निर्णय बदलू शकतो का?

पुढच्या वर्षी त्याच प्राध्यापिका पुन्हा आल्या. विद्यापीठाच्या परीक्षेचं काम मध्ये येत होतं, तारीख जमणार नव्हती. त्यांनी वेळापत्रक दाखवलं. आम्हाला ते आवडलं नाही, खरं सांगतो, कारण आम्ही वर शब्द दिला होता. तारीख पाच दिवस पुढे नेली, आणि प्राचार्यांना ते सांगायला आम्ही स्वतः गेलो.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.