गणपतीला न आलेला दादा

गणेश चतुर्थीला आपल्या मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कास्कावेल असो की वाक्वा, ज्याच्या घरी मोठ्या भावाचा गणपती, तिथे सगळे भावंड जमतात. आमच्या परिचयाच्या एका घरी मात्र मोठा भाऊच येत नाही. नाव-गाव सांगत नाही. बेट लहान आहे, ज्याला ओळखायचे तो ओळखेलच.

१९६० साली, कॅरोल वादळाच्या वर्षी, त्या घरातल्या आईची धाकटी बहीण बाळंतपणात वारली. नवऱ्याने दुसरे लग्न केले. मूल मोठ्या बहिणीने पदरात घेतले आणि तिच्या यजमानांनी एता सिव्हिलमध्ये ते आपलेच म्हणून लिहविले. त्या काळी बाळंतपणे घरीच होत, कोणी फारसे विचारीत नसे. पुढे तिला आणखी तीन मुले झाली. चौघांनी एका ताटात जेवण केले. थोरल्याने उसाच्या शेतात बापाबरोबर राबून धाकट्यांना शिकविले.

बाप वारला आणि जमिनीच्या वाटणीसाठी सगळे नोतेरकडे गेले. वाद वाढला, तेव्हा म्हाताऱ्या आत्याच्या तोंडून निघून गेले, “तो कुठे तुमच्या आईच्या पोटचा?” धाकट्या भावाने लगेच विचारले, “मग त्याला हिस्सा कसला?”

नेपोलियनच्या कायद्यावर आधारलेल्या आपल्या कायद्यात जन्माचा दाखला आणि चारचौघांत मुलगा म्हणून काढलेले आयुष्य, या दोहोंना मोठे वजन आहे. नोतेरने तेच सांगितले. दादाला हिस्सा मिळालाही. पण तो जमिनीसाठी रागावलेला नव्हता. त्याने आईला एवढेच विचारले, “साठ वर्षांत एकदाही सांगावेसे वाटले नाही?” आई म्हणाली, “बहिणीला शब्द दिला होता.” त्या दिवसापासून तो तिच्या दारी गेला नाही.

आम्हांला महाभारत आठवते. युद्ध संपल्यावर कुंतीने कर्णाला तिलांजली द्यायला सांगितली, तेव्हा युधिष्ठिराचा कोप कर्णाच्या जन्मावर नव्हता, आईच्या मौनावर होता. आधी कळले असते तर युद्धच झाले नसते, हे त्याचे दुःख. आम्ही कुंतीलाच सगळा दोष देणार नाही, आणि या आईलाही नाही. मूल घराबाहेरचे ठरू नये म्हणूनच ती गप्प राहिली. पण धाकट्यांची लाज आम्हांला वाटते.

आपले पूर्वज कोकणातून आले, तेव्हा त्यांचे नाव, बापाचे नाव, गाव सरकारी वहीत लिहिले गेले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या जपून ठेवल्या आहेत. आपण हौसेने पणजोबाचा नंबर शोधायला जातो. घरातल्या अशा गोष्टी मात्र कोणत्याच वहीत सापडत नाहीत.

यंदाही पूजा धाकट्यानेच केली. आईने करंज्यांचा डबा भरून नातवाच्या हाती दादाकडे पाठविला. डबा परत आला, रिकामा आणि धुतलेला. आई तो पदराने पुसत बराच वेळ बसून होती.