पिल्लाचा नंबर कुणाच्या हाती?

‘त्याचं बँकेत अकाउंटसुद्धा नाही गं, त्याचं कोण काय चोरणार?’ आमच्या ऑफिसातल्या समस्त नव्या आई-बाबांचा हा आवडता डायलॉग. बॉस, गोची तिथेच तर आहे! आपल्या कार्डावर भलताच खर्च दिसला की आपण कस्टमर केअरला फोन करकरून पिडतो. तीन वर्षांच्या पिल्लाच्या नावावर काय चाललंय, ते बघतंय कोण?

अमेरिकेत हे दुखणं जुनं आहे. मुलाच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर कुणी क्रेडिट कार्ड काढलं, तर पोरगं कॉलेजसाठी लोन मागायला जाईपर्यंत घरच्यांना पत्ता नसतो. सप्टेंबर २०१८पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांचं क्रेडिट आई-बाबांना फुकटात ‘फ्रीझ’ करता येतं. न्यू जर्सीतल्या ताई-भावजींना जरूर कळवा.

आपल्याकडे मामला आहे निळ्या बाल आधारचा. पाच वर्षांखालच्या बाळाचे ना बोटांचे ठसे घेतात, ना डोळ्यांचं स्कॅन. ते पाचव्या वर्षी, मग पुन्हा पंधराव्या वर्षी. नंबर मात्र तोच, जन्मभर! आणि त्याच्या झेरॉक्स आपण प्लेस्कूलपासून स्विमिंग क्लासपर्यंत वाटत सुटतो. माझ्या भाच्याच्या अॅडमिशनला काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, ‘आधारचा फोटो व्हॉट्सअॅप करा.’ कुणाच्या नंबरवर? त्यांच्या स्वतःच्या! ताईने ‘मास्क्ड’ आधारची प्रिंट दिली. पहिले आठ आकडे झाकलेले, फक्त शेवटचे चार दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवरून ती फुकट डाउनलोड होते. मॅडमनी नाक मुरडलं, पण घेतली. खरं तर शाळेच्या प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८मध्येच सांगितलंय.

आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी टाकून गेल्या सहा महिन्यांत ते कुठे-कुठे वापरलं गेलं, तेही बघता येतं. ठसे दिल्यानंतर बायोमेट्रिक्स लॉक करायची सोयही आहे. चहा गार व्हायच्या आत उरकणारी कामं आहेत ही.

उरला प्रश्न घरच्यांचा. बारशाच्या फोटोखाली पूर्ण नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल... चोराने वेगळं काय शोधायचं? ताईने आता फोटोत नुसतं ‘पिल्लू’ लिहायचा नियम केलाय. आमच्या आजोबांनी मात्र पत्रिकेसाठी म्हणून पणतूची जन्मवेळ, जन्मस्थळ आणि वर जन्मदाखल्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर कधीच टाकून दिलाय. डिलीट कसं करायचं, हे शिकायला ते काही तयार नाहीत.