जिऱ्यात चॉकलेटच्या पाचपट लोह? खरंय, पण...

सकाळच्या लोकलला डहाणू रोडला चढलं की वाणगाव येईपर्यंत निवांत बसायला मिळतं. रील्स बघायचा कार्यक्रम आम्ही तेवढ्यातच उरकतो, कारण बोईसरनंतर मोबाईल धरायलाही हात मोकळा राहत नाही. मागच्या महिन्यात अशाच एका सकाळी मैत्रिणीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर एका बाजूला डार्क चॉकलेटचा बार, दुसऱ्या बाजूला वाटीभर जिरं आणि मध्ये लाल अक्षरांत, ‘जिऱ्यात डार्क चॉकलेटच्या पाचपट लोह!’

तिला त्यात एवढा रस असण्याला कारण होतं. कॉलेजमध्ये झालेल्या तपासणी शिबिरात तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. मुलींचं निदान १२ तरी हवं. शिबिरातून बाहेर पडताना कुणीतरी ‘डार्क चॉकलेट खात जा, रक्त वाढतं’ असा सल्ला दिला आणि तेव्हापासून तिच्या सॅकमध्ये एक बार असतोच. घरच्यांना वाटतं पोरगी लाड करून घेतेय, ही मात्र औषध म्हणून खातेय! रील बघून तिचा चेहरा पडला. ‘म्हणजे मी इतके दिवस पैसे वाया घालवले का गं?’

मी तिला ‘बघून सांगते’ म्हटलं आणि खरंच बघितलं.

रील खोटं बोलत नव्हतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटकांच्या तक्त्यात १०० ग्रॅम जिऱ्यात सुमारे ६६ मिलिग्रॅम लोह दिलंय, तर ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे १२ मिलिग्रॅम. भागाकार केला तर पाचपटीच्याही थोडं वरच जातं. हळदही काही मागे नाही, ती ५५ वर आहे. कॅल्शियममध्ये तर जिरं चॉकलेटला खूपच मागे टाकतं.

गोम आहे ती ‘१०० ग्रॅम’ या दोन शब्दांत. १०० ग्रॅम जिरं कोण खातं? आमच्या घरात तेवढी पुडी महिनाभर पुरते, तीही चौघांत. चहाच्या एका चमच्यात साधारण २ ग्रॅम जिरं मावतं. म्हणजे लोह १.३ मिलिग्रॅम. तो चमचा चौघांच्या आमटीच्या फोडणीत पडला की आपल्या वाटीत त्याचा चौथा हिस्सा येतो, जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. चॉकलेटच्या दोन-तीन वड्या म्हणजे २० ग्रॅम धरल्या, तर त्यात २.४ मिलिग्रॅम लोह. ताटात पडतं तेवढं मोजलं तर चॉकलेट जिऱ्याच्या पुढे निघून जातं. रीलवाल्याने एवढंच सांगितलं नव्हतं.

म्हणून चॉकलेट जिंकलं का? थांबा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि आयसीएमआरने २०२० मध्ये जे आकडे ठरवलेत, त्यांनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. सोळा ते अठरा वयाच्या मुलींना तर ३२. हे २९ फक्त चॉकलेटमधून मिळवायचे म्हटले तर रोज जवळजवळ पाव किलो चॉकलेट खावं लागेल, म्हणजे चौदाशेच्या वर कॅलरी, शिवाय पन्नास-साठ ग्रॅम साखर. जिऱ्यातून मिळवायचे तर बावीस चमचे. कोण जास्त लवकर हात टेकेल ते तुम्हीच ठरवा.

आणि मुळात जे पोटात गेलं ते सगळं रक्तात उतरतं असंही नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त धक्का इथे बसला. धान्य, भाजी, मसाला, कोको या सगळ्यांतलं लोह आपलं शरीर फार थोडं उचलतं. त्यात कोकोमध्ये पॉलिफेनॉल्स असतात. हृदयासाठी चांगली म्हणून ज्यांची जाहिरात होते, तीच. लोहाच्या बाबतीत मात्र ती आड येतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना पावाबरोबर वेगवेगळी पेयं देऊन लोहाचं शोषण मोजलं होतं. कोकोने ते ७१ टक्क्यांनी घटलं. काळ्या चहाने तर ७९ ते ९४ टक्क्यांनी! डबा संपला रे संपला की कॅन्टीनला ‘दोन कटिंग’ सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हवा.

मसाल्यांचीही गंमत आहे. २००६ मध्ये थायलंडमधल्या तरुण मुलींवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भात, भाजी आणि लोह मिसळलेला फिश सॉस असं जेवण. त्यात वाळलेली लाल मिरची घातली की लोहाचं शोषण ३८ टक्क्यांनी कमी झालं, हळद घातली तर फरक पडला नाही. वाणगावच्या मिरचीवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकायला जड जातं. पण हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. तेव्हा भाकरीबरोबर हिरवी मिरची चावणाऱ्यांनी लगेच घाबरून जाऊ नये.

आता मूळ प्रश्न. मैत्रिणीचं ९.४ ही काही जगावेगळी गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. देशाचा आकडा ५७. म्हणजे लेडीज डब्यात माझ्या बाकावर चौघी बसल्या असतील तर हिशेबाने त्यातल्या दोघी. दम लागणं, जिना चढल्यावर धडधडणं, लेक्चरला डोळे मिटणं, याला आपण ‘झोप झाली नाही’ म्हणतो आणि सोडून देतो.

मग खायचं काय? यासाठी मला फार लांब जावं लागलं नाही, आमच्याच ताटात सापडलं. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. आकडा चॉकलेटपेक्षा लहान आहे, पण नाचणी आपण चिमटीने खात नाही. दोन भाकऱ्यांना १०० ग्रॅम पीठ सहज लागतं. म्हणजे त्या २० ग्रॅम चॉकलेटच्या जवळजवळ दुप्पट लोह, वर साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. नाचणीतही लोह अडवून ठेवणारे घटक आहेत, पण मोड आणले किंवा आंबील केली की ते कमी होतात. तलासरीकडच्या पाड्यांवरच्या आज्या हे कुठलाही तक्ता न बघता करत आल्यात. आपण तीच आंबील ‘गावठी’ म्हणून नाकारतो आणि शहरात तिचं ‘रागी स्मूदी’ झालं की फोटो काढतो. मीही काढलाय, खोटं कशाला बोलू.

मासे खाणाऱ्यांचं तर काम आणखी सोपं. मासे-मटणातलं लोह शरीर सहज उचलतं आणि बरोबरच्या भाजी-भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जायला त्यांची मदत होते. डहाणूच्या किनाऱ्यावर सुकट, जवळा, बोंबील वाळत असतात त्यांचा वास ज्यांना सहन होत नाही, त्यांनी नाक दाबून एकदा सुकटीची चटणी आणि भाकरी खाऊन बघावी. न खाणाऱ्यांनी कडधान्यं, पालेभाजी घ्यावी आणि वर लिंबू पिळावं. जेवणानंतर फळ हवं असेल तर पेरू. घोलवडच्या चिकूला जीआय मानांकन आहे, त्याचा मला जाम अभिमान आहे आणि त्यात तंतूही भरपूर असतात, पण क जीवनसत्त्वात पेरू त्याच्या कितीतरी पुढे आहे. डहाणूकरांनी माफ करावं.

चॉकलेटवर मात्र मी फुली मारणार नाही. २० ग्रॅम डार्क चॉकलेटमधून ४५ मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम मिळतं, चमचाभर जिऱ्यातून फक्त सात. तंतू आहेत, तांबं आहे. आणि चव? तिचा तक्ता अजून कुणी केलेला नाही. फक्त घेताना बार उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव साखरेचं असेल तर पुढे कितीही काळ्या-सोनेरी अक्षरांत ‘डार्क’ लिहिलेलं असो, तुम्ही मुख्यतः साखर विकत घेताय. आणि रोज अख्खा बार नको. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०२२ मध्ये २८ डार्क चॉकलेट तपासली, सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं. त्यातली २३ अशी होती की रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, खाल्लं तरी प्रमाण जास्त ठरावं. मसालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत म्हणा. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिसं असलेला रंग लावत असल्याचं २०१९ च्या अभ्यासात उघड झालं होतं.

आता एक गोष्ट, जी मला हा लेख लिहायला घेईपर्यंत नीट कळलेली नव्हती. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं दर वेळी नसतं. आपल्या भागात आदिवासी समाज मोठा आहे आणि आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आढळतं. तो आजार आनुवंशिक आहे. तिथे जिरं, चॉकलेट, नाचणी यांपैकी कशानेच मूळ दुखणं जात नाही, आणि लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं चुकीचं ठरू शकतं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. सरकारी दवाखान्यात विचारा. लग्न ठरवताना पत्रिका बघणाऱ्या घरांत हा कागदही बघायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि लोह कमी पडू नये म्हणून ‘ॲनिमिया मुक्त भारत’मधली निळी गोळी आहे, १० ते १९ वयासाठी, आठवड्यातून एक, फुकट. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. शाळेत ती आपण बाकाखाली टाकून दिली होती, आठवतंय? मळमळतं म्हणून. रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. चहाबरोबर मात्र घ्यायची नाही. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही.

मैत्रीण शेवटी दवाखान्यात गेली. सिकलसेलची तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या आणि काही महिने मध्येच सोडू नको म्हणून बजावलं. हिमोग्लोबिन वर आल्यावरही शरीरातला साठा भरायला वेळ लागतो म्हणे. दुपारचा कटिंग तिने चार वाजेपर्यंत पुढे ढकललाय, त्यामुळे कॅन्टीनमध्ये आता मी एकटीच. बार अजून सॅकमध्ये असतोच, पण त्याला ती औषध म्हणत नाही. परवा वाणगावला गाडी थांबली तेव्हा तिने न मागता एक वडी माझ्या हातावर ठेवली.