कानाचा पडदा आणि नादकाटा

शिरूरला घोड नदीत किंवा दौंडला भीमेत बुडी मारली, की काठावरच्या मित्राची हाक अगदी पुसट होते. हवेतून आलेला ध्वनी पाण्यावर आदळून जवळजवळ सगळा परत फिरतो. आपला अंतर्कर्णही द्रवानेच भरलेला आहे. मग आपल्याला ऐकू कसे येते? कानाचा पडदा आणि त्याला जोडलेली तीन इवली हाडे ध्वनीचा दाब सुमारे वीसपट वाढवतात, म्हणून!

कान वारंवार फुटून पडद्याला भोक पडले, तर हा लाभ घटतो. पण दोष पडद्यात आहे की आतल्या मज्जातंतूत, हे कसे ओळखायचे? जर्मन वैद्य रिने यांनी १८५५ मध्ये युक्ती सांगितली. तुमच्या प्रयोगशाळेतला ५१२ हर्ट्झचा नादकाटा कंपित करून त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवा. आवाज थांबताच काटा कानासमोर धरा. निरोगी कानाला तो पुन्हा ऐकू येतो. पडद्याला मोठे भोक असेल, तर बहुधा येत नाही.

१९५० नंतर शल्यविशारद त्वचेचा तुकडा लावून पडदा सांधू लागले. शस्त्रक्रिया झालेले कान पुन्हा पुन्हा तपासल्यावर त्वचेचे दोष कळले. म्हणून १९६० च्या सुमारास कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण वापरात आले.

वर्गात 'लक्ष देत नाही' म्हणून कोणी बोलणी खातो का? आधी डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्या.