पोच कुठे वाचवावी, कुठे वाचवू नये

24 सप्टेंबर 2014 च्या सकाळी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरत होते, तेव्हा त्याचा संदेश पृथ्वीवर यायला साधारण साडेबारा मिनिटे लागत होती. तो ऐकणारा 32 मीटर व्यासाचा अँटेना बेंगळुरूजवळ ब्यालालूला आहे. चांद्रयान-1 साठी तो उभा राहिला तो ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादचे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन यांच्या हातून. एवढ्या अंतरावर ‘मिळाले का?’ ‘हो, मिळाले’ या सवाल-जवाबात पंचवीस मिनिटे जातात. त्यामुळे त्या दिवशीच्या आज्ञा यानावर आधीच चढवून ठेवल्या होत्या. दूरच्या अंतराळासाठी संदेशवहनाचे जे नियम ठरले आहेत, त्यांत एक वाट अशी आहे की पाठवणाऱ्याने सगळे पाठवून मोकळे व्हावे आणि घेणाऱ्याने शेवटी फक्त हरवलेल्या तुकड्यांची यादी कळवावी. जे पोचले त्याबद्दल वेगळे काही बोलायचे नाही.

जमिनीवरच्या बिनतारी यंत्रणेत अंतराची अडचण नाही. तिथे हवा अपुरी पडते. एकच वारंवारिता अनेकांनी वाटून घ्यायची असते आणि पोच देणाऱ्यालाही त्याच हवेतून बोलावे लागते. 1971 मध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांनी हवाई बेटांवर अलोहानेट सुरू केले. बेटांवरची यंत्रे मनात येईल तेव्हा संदेश सोडत. पोच आली नाही की तो दुसऱ्या संदेशावर आदळला असे समजून थोडे थांबत आणि पुन्हा सोडत. आजच्या वाय-फायचा पाया हाच. पोचीची खरी किंमतही वाय-फायमध्येच दिसते, म्हणून तिथला हिशेब सविस्तर मांडतो.

54 मेगाबिट वेगाचे जुने वाय-फाय घ्या. 1500 बाइटचे एक पाकीट हवेत सुमारे 248 मायक्रोसेकंद राहते. मग 16 मायक्रोसेकंदांची शांतता आणि त्यानंतर 28 मायक्रोसेकंदांची पोच. पोचीचा मजकूर अवघा 14 बाइटचा, त्याला 8 मायक्रोसेकंद पुरतात. उरलेले 20 नुसत्या हाकेत जातात, कारण ऐकणाऱ्याचा रेडिओ जुळून येण्यासाठी प्रत्येक प्रक्षेपणाआधी ही हाक द्यावीच लागते, मजकूर मोठा असो की लहान. मोठ्या पाकिटाला हा भार सोसतो. पण 40 बाइटचे पाकीट 32 मायक्रोसेकंदांत संपते आणि त्याची पोच, आधीच्या शांततेसह, 44 घेते. म्हणजे मूळ निरोपापेक्षा पावतीच जड. त्यात असली चाळीस बाइटची पाकिटे बहुतेकदा इंटरनेटच्या वरच्या थरातल्या टीसीपीच्याच पोची असतात! पोचीला पोच, आणि दोन्ही त्याच हवेतून.

यावरचा पहिला उपाय टीसीपीने स्वतःच केला. 1989 च्या नियमावलीने दोन पूर्ण पाकिटांमागे एक पोच पुरेशी मानली. वाय-फायने 2005 मध्ये एकगठ्ठा पोच आणली: 64 पाकिटांसाठी एकच उत्तर आणि त्यात प्रत्येक पाकिटाची वेगळी नोंद. 2009 च्या मानकाने पाकिटेही एकामागे एक जोडून पाठवायला सुरुवात केली आणि हाकेचा खर्च सगळ्यांत वाटला गेला. आज वाय-फाय 7 मध्ये ही संख्या 1024 वर गेली आहे. या क्षेत्रातली सर्वांत मोलाची सुधारणा मला हीच वाटते, कारण तिने खर्च कमी केला तरी माहिती जराही गमावली नाही.

मोबाइलच्या फोर-जीमधल्या एका युक्तीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. भारतात 2300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येणे आणि जाणे एकाच वारंवारितेवर पाळीपाळीने चालते. डाउनलोडच्या चार वेळा झाल्या की अपलोडची एक मिळते, अशी मांडणी तिथे असू शकते. मग त्या चार वेळांतल्या पाकिटांची पोच एकत्र बांधली जाते: चारही नीट आली तर ‘हो’, एक जरी बिघडले तरी ‘नाही’. पोच स्वस्त झाली खरी, पण एकापायी चारही पुन्हा पाठवायची वेळ येते. पाण्याच्या मीटरसारख्या उपकरणांसाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या लोरा जाळ्यांत तर पोच देताना केंद्राला ऐकूच येत नाही; एकाला उत्तर देता देता बाकीच्यांचे निरोप हुकतात. तिथे बहुतेक नोंदी बिनपोच पाठवणेच शहाणपणाचे. एक नोंद हुकली तर पुढची येतेच.

पण समुद्रावरचा माणूस पुढच्या नोंदीची वाट पाहू शकत नाही. मुंबई परिसरातल्या वेसावे, मढ, उत्तनच्या होड्या खोल समुद्रात जातात. अशा होड्यांसाठी इस्रोने बनवलेले संकट-सूचना यंत्र 2010 पासून वापरात आहे आणि देशभरात अशी 20,000 हून अधिक यंत्रे दिली गेली आहेत. बटण दाबले की उपग्रहामार्फत खबर नियंत्रण केंद्राकडे आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जाते. पहिल्या पिढीच्या यंत्रात वाट एकतर्फी होती. बटण दाबणाऱ्याला आपली हाक कुणी ऐकली की नाही, हे कळत नसे. दुसऱ्या पिढीच्या यंत्राने ही उणीव भरून काढली: ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन उपग्रहांच्या प्रसारणातून पोच परत येते आणि ब्लूटूथने मोबाइलवर वाचता येते. याच वाटेने वादळाचा इशाराही मिळतो. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी अशी परतीची सेवा जानेवारी 2020 मध्ये सुरू केली होती.

या पोचीला लागणारे बिट किती थोडे! व्हिडिओच्या एका क्षणात त्याच्या कित्येक पट बिट हवेत जातात. इतर सगळीकडे पोच छाटण्यासाठी वर्षानुवर्षे झालेली मेहनत रास्तच आहे, पण ती इथे लावू नये. बुडत्या होडीवरच्या माणसाला ‘ऐकले, येतोय’ एवढे कळले तर तो धीर धरतो, होडी सोडून पाण्यात उडी टाकत नाही. म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याला आणि मच्छीमार सोसायट्यांना विनंती आहे: जुनी एकतर्फी यंत्रे बदलताना मोठ्या ट्रॉलरच्या आधी लहान होड्यांचा विचार करा आणि नवे यंत्र हाती देताना पोच कुठे वाचायची, हे प्रत्येक तांडेलाला किनाऱ्यावरच करून दाखवा.